आई खोकते तिथे फट

घरात वारा येतो असं बोलायचं नाही, हा त्या घरातला एकमेव नियम होता. तो कोणी केलेला नव्हता. पण ज्याने घर बांधलं तो माणूस दिवसभर घरातच बसून असायचा, त्यामुळे नियम आपसूक पाळला जायचा.

घर बांधलं होतं बाबांनी. बाबा गवंडी. उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि स्वतः भाड्याच्या खोल्यांत काढला. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. कामावरची माणसं बाबांनाच ओळंबा म्हणायची. स्वभाव तसाच होता: सरळ, जड, आणि कायम कुठेतरी अडकून लोंबकळणारा.

काम सोडल्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधायला घेतलं आणि त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. पाया, भिंती, छप्पर, दारं, खिडक्या, सगळं एकट्याने. मुलाने एकदा वीट उचलून द्यायचा प्रयत्न केला, तर ती त्याच्या हातातून काढून घेत म्हणाले, "उलटी धरलीयेस." विटेला उलटं-सुलटं असतं हे त्याला त्या दिवशी कळलं. नंतर त्याने ती वीट गुपचूप सगळीकडून फिरवून बघितली. काही कळलं नाही.

हा मुलगा पंख्यांच्या दुकानात कामाला होता. उन्हाळ्यात वारा विकायचा, हिवाळ्यात हीटर. बाबा त्याला पंखेवाला म्हणायचे, आणि बापाने ठेवलेलं नाव असल्यामुळे तेच चिकटलं. आता बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची.

नव्या घरातला पहिला हिवाळा लागला आणि बंद खिडक्यांचे पडदे हलायला लागले.

"कापड हलकं आहे," बाबा म्हणाले.

टेबलावरच्या वर्तमानपत्राचं पान आपोआप उलटलं.

"कागद पातळ काढतात हल्ली."

एरवी या सगळ्याची मजाच वाटली असती. पण प्रश्न आईच्या छातीचा होता. मागच्या हिवाळ्यात ती दवाखान्यातून जेमतेम घरी आली होती आणि तेव्हाच डॉक्टरांनी पंखेवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा छाती भरली तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. त्यांना वारं लागू देऊ नका. येता हिवाळा निघाला की पुढचं पुढे." सगळा हिवाळा अजून पुढे होता आणि आई हॉलमध्ये शाल गुंडाळून, पडदा हलतोय तिकडे न बघता बसलेली असायची.

एका रविवारी पंखेवाल्याने मनावर घेतलं. मेणबत्ती पेटवली आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. ज्योत झुकेल तिथे फट. मागोमाग बाबा.

दाराच्या चौकटीपाशी ज्योत आडवी झाली.

"मेणबत्ती वाकडी आहे," बाबा म्हणाले.

"मेणबत्ती सरळ आहे, बाबा. ज्योत वाकडी आहे."

"तू फुंकतोयस."

त्याने श्वास धरून ठेवला. ज्योत आडवीच राहिली. तो आधी लाल झाला, मग जांभळा.

"आता थरथरतोयस, म्हणून हलतेय."

शेवटी धरलेला श्वास एकदम सुटला आणि मेणबत्ती विझली.

"बघ," बाबा म्हणाले. "तूच फुंकतोयस." आणि चहा मागवून खुर्चीत जाऊन बसले.

उपाय बायकोला सापडला. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "तुझ्या मेणबत्तीपेक्षा आई बऱ्या."

"म्हणजे?"

"दारापाशी बसल्या की खोकतात. कपाटाला टेकून बसल्या की नाही. मी केव्हाची बघतेय. आई खोकतात तिथे फट."

ऐकायला हे कसंसंच वाटत होतं. जन्मदात्या आईचा असा वापर करावा का, हा विचार पंखेवाल्याच्या मनात आला आणि थोडा वेळ थांबून निघून गेला. कारण मेणबत्तीला बाबा वाकडी म्हणू शकत होते. आईला 'तुझा खोकला वाकडा आहे' असं म्हणायची त्यांचीही छाती झाली नसती.

दुकानातून चाकांची एक खुर्ची आणली. आईला दोन शालींत गुंडाळून तिच्यात बसवलं.

"कुठे नेताय मला?"

"घरातल्या घरात, आई. एक चक्कर," बायको म्हणाली.

"चला बाई. एवढ्या संसारात कोणी फिरायला नेलं नाही, आता नेताय तर न्हाणीघरापर्यंत."

वरात निघाली. पुढे खुर्चीत आई, मागे ढकलायला बायको, बाजूला निळ्या चिकटपट्टीचं रीळ घेऊन पंखेवाला, आणि सगळ्यांच्या मागे हात पाठीशी बांधून बाबा. आई जिथे खोकेल तिथे भिंतीवर निळी पट्टी मारायची, असं ठरलं होतं. दारापाशी ती खोकली. पट्टी. हॉलच्या खिडकीशी खोकली. पट्टी. जिन्याच्या पायथ्याशी अशी खोकली की पंखेवाल्याने खबरदारी म्हणून फुली मारली. तासाभरात घर कुरिअरने पाठवायला बांधून ठेवल्यासारखं दिसायला लागलं.

पहिल्या पट्टीला बाबा हसले. पुढे हसू गेलं. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्यांनी भिंतीवर तळहात टेकला होता, आजारी माणसाच्या पाठीवर टेकवतात तसा. आई भिंतींकडे बघतच नव्हती. खुर्चीत मान वळवून वळवून ती बाबांकडे बघत होती. पंखेवाल्याने हे पाहिलं. मान अवघडली असेल असं वाटून त्याने तिच्या मागे उशी सरकवली.

स्वयंपाकघरानंतर आईचा खोकला कमी झाला. न्हाणीघरात तर नावालाही नाही.

"मागची बाजू पक्की आहे," बाबा हळूच म्हणाले.

शेवटी आईच्या खोलीत आले. तिथे बाबांनी मोठी खिडकी केली होती, तिचा कठडा कोपर टेकून बसता येईल एवढा रुंद. भाड्याच्या खोल्यांत आईच्या वाट्याला आयुष्यभर समोरच्याची भिंत आली होती. म्हणून या खिडकीतून रस्ता दिसायचा, बसचा थांबा दिसायचा, सायकलवाला आणि त्याच्या शेजारचा न्हावी दिसायचा. घर सगळ्यांसाठी, ही खिडकी तिच्यासाठी, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. येणारे-जाणारे संपले तेव्हा मीटर बघायला येणाऱ्यालाही सांगून झालं होतं.

खुर्ची खिडकीशी नेली. सगळे थांबले.

आईने शाल तोंडाशी घट्ट धरली. चेहरा लाल झाला. मानेची शीर टरारून वर आली, डोळ्यांत पाणी भरलं.

"आई? काय होतंय?"

ती बऱ्याच वेळाने बोलली. "काही नाही रे. रस्ता किती छान दिसतो."

"वारं लागतंय का?"

"इथे कुठलं वारं? इथे तर उकडतंय मला," ती म्हणाली आणि दाखवायला म्हणून वरची शाल खांद्यावरून खाली सोडली.

बाबांनी पंखेवाल्याच्या हातातलं रीळ काढून घेतलं. "झालं ना? ठेव आता."

आईसारखं खात्रीचं यंत्र नाही, हे सगळ्यांनीच मान्य केलेलं होतं, त्यामुळे पुढचा निर्णय एकमताने झाला. घरातली सगळ्यात निवाऱ्याची जागा खिडकीपाशी. तिचा पलंग सरकवून तिथे नेला, उशी खिडकीकडे. बाबांनी स्वतः एका बाजूने उचलला.

त्यानंतर पंखेवाल्याने घर बुजवायला घेतलं. संध्याकाळी दुकानातून यायचा, जेवायच्या आधी दोन फटी, जेवल्यावर दोन. दारांच्या कडांना रबर, चौकटींच्या सांध्यांत फोम, दाराखाली ब्रश, किल्लीच्या भोकात मेण. काम अंगात भिनलं तसा तो स्विचबोर्डांच्या मागे शिरला. माळ्यावर मांजर आत यायचं ते भोक सापडलं, तेही बुजवलं. त्या वेळी मांजर बाहेर होतं. ते चार दिवस पायरीवर बसून या लोकांना नेमकं काय हवंय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होतं.

घर इतकं घट्ट झालं की भिंतींना घाम फुटला. भाजी शिजवली की हॉलमध्ये धुकं. मग पंखेवाल्याने दुकानातून एक्झॉस्ट फॅन आणून स्वयंपाकघरात बसवला, चांगला दणकट, हॉटेलवाले नेतात त्यातला.

आता एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, आणि जेवढी बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. हे पंखेवाल्याला माहीत होतं. गिऱ्हाइकांना तो रोज याच शब्दांत सांगायचा. पण ती गिऱ्हाइकांची घरं होती. आपल्या घरात आत यायला वाटच उरलेली नाही, अशी त्याची समजूत होती, आणि या विचारात कुठेतरी काहीतरी चुकतंय हे समाधानाच्या भरात त्याला जाणवलं नाही.

आई खालावत गेली.

बाबा खोलीत असले की ती शांत पडून असायची, रस्त्याकडे तोंड करून. बाबा पायरीवर जाऊन बसले की आतून खोकल्याची नुसती रास कोसळायची. साठवून ठेवल्यासारखी. जेवण दोन घासांवर आलं. पंखेवाल्याने दुकानातला सगळ्यात महाग हीटर आणून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. तळपाय भाजायचे आणि डोकं गार. असा आजार त्याने कधी ऐकला नव्हता.

एका दुपारी बायको पेज घेऊन आत गेली आणि वाटी हातात तशीच धरून उभी राहिली. मग परत आली, स्वयंपाकघरातला फॅन बंद केला, आत गेली. पुन्हा आली, फॅन सुरू केला. पंखेवाल्याची त्या दिवशी सुट्टी होती.

"पंखेवाल्या, इकडे ये," ती म्हणाली.

आईच्या कानाशी सुटलेल्या पांढऱ्या बटा उडत होत्या. खोलीत पडदा स्थिर, चादर स्थिर, आणि फक्त आईचे केस बसच्या खिडकीत बसल्यासारखे भुरभुर उडत होते.

"आई," पंखेवाला म्हणाला, "इथे वारं येतंय?"

"नाही रे."

केस उडत होते.

त्याने खिडकीच्या चौकटीभोवती मारलेल्या लाकडी पट्टीला हात लावला. खालून गार वाऱ्याची धार होती, सुरी लावल्यासारखी. घर आत ओढत होतं त्यातली बहुतेक हवा या एका जागेतून येत होती आणि आधी आईच्या टाळूवरून जात होती.

"आई, अगं पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"हळू बोल. हे पायरीवर आहेत."

"असू देत."

"किती पट्ट्या मारल्यास त्या दिवशी," आई म्हणाली. एका वाक्याला तिला तीनदा थांबावं लागत होतं. "ह्यांचं तोंड बघितलं होतंस? मला खोकायचीसुद्धा लाज वाटायला लागली. पुढे पुढे खोकला गिळलाच मी."

"तोंडाचं काय घेऊन बसलीस? छाती भरली तर काय होईल ते माहितेय ना तुला?"

"छाती माझी आहे." मग खिडकीच्या कठड्याला हात लावून म्हणाली, "एवढी एक तरी राहू दे रे त्यांची."

बायकोने तिच्या कपाळाला हात लावला आणि नुसतं पंखेवाल्याकडे बघितलं. मग गाडी बोलवायला फोन घेऊन बाहेर गेली.

गाडी येईपर्यंत त्याने पलंग ओढून मध्यावर घेतला. तेवढं करून थांबायला हवं होतं. पण त्याने पेचकस घेतला, लाकडी पट्टीखाली खुपसला आणि ओढला. पट्टी कडकडत निघाली. आत चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा होती, वरपासून खालपर्यंत मोकळी. तिच्यातून न्हाव्याचा वाळत घातलेला टॉवेल दिसत होता.

आवाजाने बाबा आत आले. पट्टीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी फटीत बोट घातलं. ते पेरापर्यंत सहज गेलं.

"ही सुताराची," ते म्हणाले.

"काय?"

"ही जागा. गवंड्याने चौकटीभोवती बोटभर जागा सोडायची. लाकूड फुगतं, आखडतं. मागून सुतार येतो, तो काथ्या ठोकतो, वर पुट्टी भरतो, मग पट्टी मारतो."

"मग?"

बाबांनी खोलीभर नजर फिरवली, सुतार कपाटामागे कुठे उभा असेल तशी.

"मी कधी बघितलं नाही ते," ते म्हणाले. "तो यायचा तेव्हा मी पुढच्या कामावर गेलेलो असायचो."

"बाबा, आपल्याकडे सुतार आलाच नाही."

"नाही."

"पट्टी तुम्हीच मारलीत."

"पट्टीला काय लागतं," बाबा म्हणाले. बोट अजून फटीतच होतं. "मला वाटायचं, पट्टी मारली की झालं."

"अहो," आई पलंगावरून म्हणाली, "मला काही वारं लागत नाही हां."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. मागच्या वेळी बरंच समजावून सांगितलं होतं, या वेळी थोडक्यात आटोपलं. छाती दोन्हीकडे भरली आहे. आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात. पंखेवाल्याने मान डोलावली. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "इथली खिडकी बंद ठेवू का?"

"ठेवा," डॉक्टर म्हणाले. "उघडी ठेवलीत तरी चालेल."

बाबा त्या दिवशी आलेच नाहीत. घरी खिडकीसमोर बसले होते. हे बायकोने नंतर सांगितलं. बाजारातून काथ्याची मोठी जुडी आणली होती, ती मांडीवर घेऊन बसून राहिले. तो कसा वळायचा, किती दाबायचा, कशाने ठोकायचा, काही माहीत नव्हतं. सिमेंट भरून बघितलं, ते ढेकळासारखं बाहेर रस्त्यावर पडलं. शेवटी बायकोनेच उलथन्याच्या दांड्याने काथ्या आत कोंबायला घेतला.

"जास्त दाबू नकोस," बाबा म्हणाले, "लाकडाला जरा..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मग तिच्या शेजारी बसून तिचं बघून बघून दुसऱ्या बाजूने कोंबायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले, नखांत काथ्या अडकलेला. आईने त्यांना दारातून येताना पाहिलं आणि ओठ मिटले. पंखेवाल्याला ते समोर दिसत होतं: चेहरा लाल होत गेला, मानेची शीर वर आली, चादर मुठीत गोळा झाली. इथली भिंत बाबांची नव्हती, खिडकी बाबांची नव्हती. तरी ती दाबून धरत होती. सवय लागली होती.

बाबा स्टुलावर बसले. सवयीने त्यांनीही आधी खिडकीच्या चौकटीभोवती हात फिरवला, मग तो मागे घेतला.

"अगं," ते म्हणाले, "फट होती. बोटभर. चारी बाजूंनी."

आईने नकारार्थी मान हलवली.

"मान नको हलवूस. बोट घालून बघितलंय मी. मीच ठेवली होती."

तिने पुन्हा मान हलवली. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं.

"खोक," बाबा म्हणाले.

तिने चादर आणखी घट्ट धरली.

"खोक गं. इथे माझ्यासमोर खोक. मी कुठे जात नाही."

मग ती खोकली. संपेचना. बाबांनी एक हात तिच्या पाठीखाली घातला, दुसऱ्या हाताने भांडं धरलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. नर्स दारापर्यंत आली, काय चाललंय ते पाहून परत गेली. पंखेवाल्याला वाटलं हे थांबणार नाही, मग वाटलं थांबलं तर काय. थांबलं तेव्हा आई उशीवर मागे टेकून बराच वेळ नुसती श्वास गोळा करत होती.

"न्हाणीघरातही होती," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर. झडपेच्या बाजूला. तिथेही गिळला मी."

"बरं," बाबा म्हणाले. "अजून?"

"कोठीच्या दारामागे. चांगली मोठी."

"अजून?"

तिने डोळे मिटले. घरातून फिरत असावी, एकेका खोलीत थांबत. पंखेवाला पायथ्याशी उभा होता. कोठीच्या दारामागे आता काय भरून उपयोग, हे त्याला माहीत होतं आणि बाबांनाही दिसत होतं. पण बाबा तिच्या तोंडाशी कान नेऊन बसले होते, अगदी कामाची माहिती घ्यावी तसे.

"मागच्या दाराला," ती म्हणाली. मग एक मोठा श्वास, अर्ध्यावर तुटलेला. "खालच्या बाजूला."

"डावीकडे की उजवीकडे?" बाबांनी विचारलं.